पिटबुल बंदी : यादी तयार झाली, नोंदवही कुठे आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे आईसोबत जात असलेल्या सात वर्षांच्या मुलावर एका पिटबुल कुत्र्याने हल्ला केला आणि त्यात त्या बालकाचा मृत्यू झाला. गोव्यात कुत्रा चावण्याच्या घटना नव्या नाहीत. किनाऱ्यावर, बाजारात, शाळेच्या वाटेवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या हा ग्रामसभांमधला नेहमीचा विषय आहे. हणजूणची घटना मात्र त्या मालिकेत बसणारी नव्हती. हा कुत्रा भटका नव्हता. त्याला मालक होता, घर होते आणि तो हौसेने विकत घेऊन पाळलेला होता. त्यामुळेच त्या मृत्यूनंतर राज्यात उठलेला संताप नगरपालिकेच्या श्वान पकडणाऱ्या गाडीकडे वळला नाही, तो थेट कुत्र्याच्या जातीकडे वळला. पिटबुल आणि रॉटवायलर या जाती राज्यातून हद्दपार करा, ही मागणी त्या आठवड्यात सुरू झाली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात हिंस्र जातींच्या प्राण्यांची पैदास व पाळणूक यांचे नियमन करणारे आणि हल्ला झालेल्यांना भरपाईची तरतूद करणारे विधेयक विधानसभेने संमत केले, त्याच्या मुळाशी हीच मागणी आहे.

मागणी समजण्यासारखी आहे. प्रश्न आहे तो ती पुरेशी आहे काय, हा.

जातीनिहाय बंदीचा प्रयोग केंद्र सरकारने याआधी करून पाहिला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका याचिकेवर, धोकादायक जातींबाबत तीन महिन्यांत निर्णय घ्या, असे केंद्राला सांगितले. त्यानुसार १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने सर्व राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्याची आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्याची सूचना केली. हे पत्र महिनाभरही टिकले नाही. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकलेच नाही, हा दोन्ही निकालांतील मुख्य आक्षेप होता. हरकती मागवून नव्याने निर्णय घेण्यास केंद्राला मोकळीक ठेवण्यात आली. म्हणजे न्यायालयांनी बंदी अयोग्य ठरवली नाही. ती ज्या घाईने घातली गेली, त्या घाईवर त्यांनी बोट ठेवले.

ती घाई यादीतच दिसत होती. तोसा इनू या जपानी जातीचे नाव त्या यादीत एकदा स्वतंत्रपणे आले आणि पुढे ‘जपानी तोसा व अकिता’ अशा जोडनावाने दुसऱ्यांदा आले. कुत्रा एकच, बंदी मात्र दोनदा! मॅस्टिफ आणि टेरियर ही तर जातींची नावेच नव्हेत, ती अनेक जातींना मिळून असलेली गटनावे आहेत. टेरियर गटात मांडीवर बसवून फिरवता येतील एवढे लहान कुत्रेही मोडतात. तुर्कस्तानातील कांगल आणि अकबाश हे मेंढ्यांच्या राखणीचे कुत्रे आपल्याकडे किती घरी सापडतील, हा प्रश्नही विचारण्यासारखा होता. एखाद्या परदेशी यादीवरून नावे उतरवून घेतली असावीत, असे वाचणाऱ्याला वाटले तर त्यात त्याचा दोष नव्हता.

पिटबुलची अडचण याहून खोल आहे. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला. त्यानंतर हाच शौक खड्ड्यात कुत्र्यांची झुंज लावण्याकडे वळला. त्या खड्ड्यावरूनच ‘पिट’ हा शब्द या कुत्र्याला चिकटला. बुलडॉगची पकड आणि टेरियरची चपळाई यांचा संकर करून तयार केलेला हा कुत्रा पुढे अमेरिकेत स्थिरावला. तेथील युनायटेड केनेल क्लबने त्याला १८९८ मध्ये मान्यता दिली, परंतु अमेरिकन केनेल क्लब किंवा आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ यांच्या नोंदीत ‘अमेरिकन पिटबुल टेरियर’ ही जात आजही नाही. परिणामी आपल्याकडे पिटबुल म्हणून विकला जाणारा कुत्रा कोणत्या कागदावरून पिटबुल ठरवायचा, याला सरळ उत्तर नाही. विकताना त्याला पिटबुल म्हटले जाईल, कारण त्या नावाला भाव आहे. पंचायतीचा माणूस दारात आला की तोच कुत्रा लॅब्राडोरचा संकर होईल.

तरीही बंदीच्या बाजूचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. प्राणिप्रेमी संघटना ‘वाईट कुत्रा नसतो, वाईट मालक असतो’ असे म्हणतात, तेव्हा त्या अर्धेच सांगत असतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळवलेल्या माहितीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्या कुत्र्याच्या वागणुकीतील फरकांपैकी सुमारे नऊ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष बंदीविरोधकांच्या तोंडी नेहमी असतो. पण तो स्वभावाविषयी आहे, चाव्याच्या परिणामाविषयी नाही. चिडलेला पामेरियन आणि चिडलेला रॉटवायलर यांचा राग सारखा असू शकेल, जखम सारखी नसते. पकडलेले न सोडणे हा गुण ज्या कुत्र्यात पिढ्यानपिढ्या निवडून जोपासला गेला, त्याच्या हातून होणारी एक चूकही लहान मुलासाठी शेवटची ठरू शकते. जुलै २०२२ मध्ये लखनौमध्ये ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेथे तर कुत्रा परका नव्हता, की कोणी त्याची खोडी काढणारे अनोळखी माणूसही नव्हते. त्या वर्षात गाझियाबाद, कानपूर, पंचकुला येथील महापालिकांनी निवडक जातींवर बंदी घातली, ती याच पार्श्वभूमीवर. अशा जातींची नवी पैदास आणि आयात थांबवण्याला म्हणूनच सबळ आधार आहे. शौक म्हणून पाळण्याचा हक्क शेजारच्या मुलाच्या जिवापेक्षा मोठा मानता येत नाही.

मात्र बंदी घालून थांबलेल्या देशांचा अनुभव फारसा सुखावणारा नाही. ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक श्वान कायदा करून पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्रासिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. तीस वर्षे लोटली आणि एक्सएल बुली नावाचा, त्या चार नावांत न बसणारा धिप्पाड संकर लोकप्रिय झाला. त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावू लागली, तेव्हा २०२३ च्या अखेरीस त्याच्या विक्रीवर आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये परवान्याविना तो बाळगण्यावर बंदी आली. त्या वेळी असे सुमारे दहा हजार कुत्रे असावेत असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात सवलतीच्या प्रमाणपत्रासाठी नोंद झालेल्या कुत्र्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. ज्या देशात अशा कायद्याला तीन दशके झाली, तेथेही घराघरांत काय वाढते आहे याचा सरकारला पत्ता नव्हता. नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणलेली पिटबुलबंदी चाव्यांचे प्रमाण घटत नाही म्हणून पुढे मागे घेतली. इटलीनेही २००९ मध्ये जातींची यादी बाजूला ठेवून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला.

या सगळ्यात गोव्याने पोर्तुगालकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा कौटुंबिक बाबतींत गोव्यात आजही चालतो, तेव्हा तिकडच्या कायद्याचे येथे कोणाला वावडे नसावे. पोर्तुगालने २००४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, तोसा इनू आदी सात जाती ‘संभाव्य धोकादायक’ म्हणून अधिसूचित केल्या. त्या पाळण्यावर सरसकट बंदी मात्र घातली नाही. असा कुत्रा पाळायचा तर परवाना लागतो. परवान्यासाठी मालक प्रौढ असावा लागतो, त्याला आपल्यावर गंभीर गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला द्यावा लागतो, जबाबदारीचे लेखी हमीपत्र लिहून द्यावे लागते आणि तिसऱ्या व्यक्तीला होणाऱ्या इजेचा विमा काढावा लागतो. कुत्र्याच्या अंगात ओळखचिप हवी. सार्वजनिक जागी तोंडाला मुसके आणि हातात आखूड दोरी बंधनकारक आहे. हल्ले तेथे थांबले असे नाही. पण हल्ला झाला तर कुत्रा कोणाचा हे शोधावे लागत नाही, आणि उपचाराचा खर्च कोणी द्यायचा यासाठी जखमीच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

गोव्यातील विधेयकाच्या नावातच ‘भरपाई’ हा शब्द आहे आणि तो त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मृत्यू ओढवला तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचे कलम १०६ लागू होते, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु फौजदारी शिक्षेने जखमीच्या हाती काही पडत नाही. लहान मुलाच्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया एका वर्षात संपत नाही. मालकाची ऐपत नसेल, तर भरपाईचा आदेश कागदावरच राहील. म्हणून विमा सक्तीचा नसेल, तर भरपाईच्या तरतुदीला दात नाहीत असेच म्हणावे लागेल.

दुसरा भाग नोंदणीचा. गोव्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि एक महापालिका आहे. एवढ्या लहान राज्यात प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद ठेवणे अशक्य नाही. याच राज्यात गेल्या दशकात घरोघरी आणि वाड्यावाड्यांत फिरून कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ घोषित झाला. स्वयंसेवक मोबाइलवर नोंद करत गल्लीबोळ पालथे घालू शकतात, हे तेव्हा सिद्ध झाले. तीच यंत्रणा पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीसाठी वापरायला नवा शोध लावावा लागणार नाही. लागेल ती इच्छा आणि पंचायत सचिवाच्या टेबलावर या कामासाठी थोडी जागा.

बार्देश किनारपट्टीची परिस्थिती मात्र निराळी आहे. हणजूण, आसगाव, शिवोली या पट्ट्यात बाहेरच्या मालकांचे बंगले वाढले. मालक वर्षातून काही आठवडे येतो, उरलेला काळ बंगला रखवालदाराच्या हवाली असतो आणि राखणीसाठी आणलेला दणकट कुत्राही त्याच्याच हवाली. रखवालदाराला ना कुत्र्याचे प्रशिक्षण, ना तो कुत्रा निवडण्यात त्याचा काही सहभाग. कुंपणाचे फाटक उघडे राहिले आणि काही घडले, तर पोलीस प्रथम पोहोचतात ते त्याच्यापर्यंत. परवाना कोणाच्या नावे आणि जबाबदारी कोणाची, हे नियमांत स्पष्ट लिहिले गेले नाही, तर शिक्षा पगारी माणसाला आणि कुत्रा मात्र साहेबांचा, असा प्रकार घडेल. जो मालक राज्यात राहत नाही त्याने स्थानिक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि तरीही स्वतःचे दायित्व टळणार नाही, असे कलम नियमांत हवे.

शहरी भागात प्रश्न गृहनिर्माण संस्थांचा आहे. पणजी, पर्वरी, मडगाव येथील अनेक इमारतींत ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ अशी पाटी असते. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या आकारावरून किंवा जातीवरून तर नाहीच. अर्थात राज्याच्या कायद्याने एखादी जात निषिद्ध ठरवली, तर संस्थेच्या हातात आज नसलेले बळ येईल. त्याचबरोबर शेजाऱ्याच्या निरुपद्रवी कुत्र्याला ‘हिंस्र’ ठरवून जुने भांडण काढायची सोयही होईल. तक्रार आल्यावर कुत्रा तपासणार कोण, पशुवैद्यक की पोलीस, हे आधी ठरलेले बरे.

राहता राहिले ते सध्या राज्यात असलेले कुत्रे. बंदीच्या भीतीने मालक त्यांना रात्री महामार्गावर किंवा पत्रादेवी-पोळेच्या सीमेपलीकडे सोडून देणार असतील, तर कुंपणाआडचा धोका रस्त्यावर येईल. बेळगाव किंवा सावंतवाडी काही तासांच्या अंतरावर आहे आणि पिल्लांचा व्यापार आता मोबाइलवर चालतो, तेव्हा एकट्या गोव्याची बंदी सीमेवर अडवणार तरी कोण? नोंदणीसाठी पुरेशी मुदत, निर्बीजीकरणासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत सोय, आणि ज्यांना कुत्रा सांभाळणे जमणार नाही त्यांच्यासाठी तो सुपूर्द करण्याची जागा, या तीन गोष्टी अधिसूचनेआधी तयार असायला हव्यात. नियमांचा मसुदा हरकतींसाठी लोकांसमोर ठेवला जातो की नाही, हेही पाहावे लागेल. केंद्राचे पत्र दोन न्यायालयांत नेमके त्याच पायरीवर घसरले होते.