वाहनविमा नेमका कोणासाठी?

वाहनाच्या विम्याची मुदत संपली आहे, ही गोष्ट अनेक मालकांना अपघातानंतर पोलीस ठाण्यात कळते. परवाना सापडतो, नोंदणीपुस्तक सापडते, पीयूसीचा कागदही निघतो. विमापत्रावरची तारीख मात्र दीड-दोन महिन्यांपूर्वीची असते. मग एकेक आठवू लागते. एजंटाचा फोन आला होता, मुलीच्या लग्नाची धांदल होती, 'या रविवारी करून टाकू' असे घरात बोलणेही झाले होते. ही माणसे कायदा धाब्यावर बसविणाऱ्यांपैकी नसतात. प्राप्तिकर आणि वीजबिल वेळेवर भरणारी, चार लोकांत मान असलेली ही कुटुंबे. त्यामुळे या विषयाची बोळवण 'वाहतूक पोलिसांचा प्रश्न' म्हणून करता येत नाही.

या चालढकलीमागे दोन गैरसमज हमखास आढळतात. आयुर्विम्याच्या वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तशीच ती वाहनालाही असावी असे गृहीत धरले जाते. दुसरा गैरसमज ९० दिवसांचा. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केले तर 'नो क्लेम बोनस' शाबूत राहतो, हे खरे आहे. पण ही सवलत केवळ त्या बोनसपुरती आहे. विम्याचे संरक्षण विमापत्रावरील अखेरच्या दिवशी मध्यरात्री संपते. त्यानंतर रस्त्यावर आलेली गाडी ही विनाविमा गाडी होय, मग आधीची वीस वर्षे हप्ता न चुकता भरलेला का असेना.

अपघातानंतर धावपळ करून त्याच दिवशी पॉलिसी काढण्याचा शहाणपणाही काही जण करून पाहतात. हल्ली मोबाइलवर पाच मिनिटांत विमा निघतो, त्यामुळे हा मोह वाढला आहे. मात्र पॉलिसीवर प्रारंभाची वेळ नमूद असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातच स्पष्ट केलेले आहे. शिवाय हप्ता हाती आल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये, असे १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ व्हीबी सांगते. सकाळी ११ ची धडक आणि दुपारी २ ची पॉलिसी यांची गाठ कोणताही वकील घालून देऊ शकत नाही.

मुळात हा विमा सक्तीचा का केला गेला, याचाच विसर पडला आहे. आपली गाडी ठोकली गेली तर खर्च मिळावा म्हणून विमा, अशी सर्वसाधारण समजूत असते. 'गाडी जुनी झाली, आता कशाला विमा?' हा प्रश्न त्यातूनच येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्याने कधीच सक्तीचा केलेला नाही. तो ज्याचा त्याने ठरवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ सक्ती करते ती त्रयस्थाच्या विम्याची, म्हणजे ज्याला आपल्या वाहनाची धडक बसेल त्या अनोळखी माणसाच्या संरक्षणाची. ही तरतूद १९३९ च्या कायद्यातही होती. गाडी जुनी झाली म्हणून रस्त्यावरच्या माणसाचा जीव स्वस्त होत नाही. उलट जुन्या गाडीचे ब्रेक अधिक बेभरवशाचे असतात.

या दायित्वाचा आकार किती, हे आकड्यांतच पाहिलेले बरे. समजा, ३५ वर्षांचा एक गृहस्थ स्वतःचे छोटे दुकान चालवून महिन्याला १५ हजार रुपये मिळवत होता आणि पत्नी, दोन मुले व वृद्ध आई त्याच्यावर अवलंबून होती. अशा मृत्यूची भरपाई कशी मोजावी, याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. मासिक उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१ हजार. त्यातून त्याच्या वैयक्तिक खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरतात १५,७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६. गुणाकार येतो ३० लाख २४ हजार रुपये. अंत्यसंस्काराचा खर्च, सहवासाला मुकल्याची भरपाई आणि व्याज हे आणखी वेगळे. मृत व्यक्ती पन्नास हजार पगाराचा अभियंता असेल तर आकडा कोठे जाईल, ते ज्याने त्याने ताडून पाहावे.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसी क्षमतेच्या खासगी मोटारीचा त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता करांव्यतिरिक्त ३,४१६ रुपये, तर ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा अवघा ७१४ रुपये. वरचे तीस लाख म्हणजे त्या मोटारीचा पावणेनऊशे वर्षांहून अधिक काळाचा हप्ता!

विमा चालू असेल तर ही रक्कम कंपनी भरते. चालकाच्या परवान्यात दोष असला तरी अनेक प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पीडितांचे पैसे द्यायला लावतात व नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. मुदत संपलेल्या विम्यात ही वाटही बंद होते, कारण कंपनीशी करारच उरलेला नसतो. मालकाने पैसे दिले नाहीत, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठवू शकते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. म्हणजे प्रकरण राहत्या घरापर्यंत पोहोचते. गाडी मुलगा चालवत होता, हे सांगून वडिलांची सुटका होत नाही. नोंदणी ज्याच्या नावे, त्याच्यावर दायित्व येतेच. खुद्द गाडीही सहजी परत मिळत नाही. मालकाने पुरेशी हमी दिल्याखेरीज अपघातग्रस्त विनाविमा वाहन सोडू नये आणि तीन महिन्यांत ती दिली नाही तर वाहनाचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, अशा तरतुदी करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सर्व राज्यांना सांगितले. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचा फौजदारी खटला, ज्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, तो तर विमा असो वा नसो चालतोच.

मालकाचे हे हाल होतात ते त्याच्या चुकीने. मृताच्या घरच्यांनी कोणती चूक केलेली असते? २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु पुढच्या वीस वर्षांच्या संसाराचे काय? न्यायाधिकरणाचा निवाडा हाती असूनही, मालकाकडे पैसे नसल्यामुळे हेलपाटे घालणारी विधवा हे या देशातील न्यायालयांना नवे दृश्य नाही. देशभरात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आणि निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना फिरत असल्याचे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढेच मांडले गेले. पीयूसी असल्याशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, ही २०१७ पासूनची अट न्यायालयाने त्याच सुनावणीत, जुलै २०२४ मध्ये, मागे घेतली, कारण प्रदूषण रोखण्याच्या त्या उपायाने विम्याविना धावणाऱ्या वाहनांची संख्या वाढण्याचा धोका होता.

अशा प्रसंगी गावातल्या किंवा वस्तीतल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन जातो, हेही येथे बोलले पाहिजे. 'माणूस आपला आहे, पन्नास हजारांत मिटवून टाका.' फोन घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की, ज्याच्यासाठी रदबदली करायची तो जसा आपला, तसा रस्त्यात पडलेलाही आपलाच आहे, आणि मिटवामिटवीच्या बैठकीत तो बोलायला नसतो. कायद्यानेही आता पोलिसांवर अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला पाठविण्याचे बंधन घातले आहे. मदत करायचीच असेल तर मृताच्या कुटुंबाला तो अहवाल आणि चांगला वकील मिळवून द्यावा.

दोष केवळ नागरिकांचा नाही. विनाविमा वाहनाला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. कारावास सहसा कोणी भोगत नाही आणि दंड मध्यम आकाराच्या मोटारीच्या हप्त्याहून कमी! दंड हा निदान त्या वाहनाच्या हप्त्याच्या काही पट असावा, एवढे साधे सूत्र लावायला हरकत नसावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन व दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा खरेदीच्या वेळीच घेणे बंधनकारक झाले, हा निर्णय उत्तम होता. पण त्याने एक नवीच विस्मृती जन्माला घातली. पाच वर्षे विम्याचा विचारही न केलेल्या दुचाकीमालकाला सहाव्या वर्षी तो आपण होऊन आठवेल, ही अपेक्षा भाबडी आहे. परिवहन विभागाकडे प्रत्येक वाहनाची नोंद संगणकावर आहे. स्मरणपत्र पाठविणे अवघड नाही.

आणखी एक प्रकार मध्यमवर्गीय घरांत सर्रास घडतो. जुनी स्कूटर ओळखीतल्या कोणाला तरी पाच-सात हजारांत दिली जाते. अर्जांवर सह्या होतात, पण आरटीओमध्ये नाव बदलत नाही. घेणारा तिचा विमा काढत नाही, कदाचित आणखी कोणाला विकतो. नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. विकून टाकलेल्या त्या स्कूटरची नोटीस चार वर्षांनी दारात येते, तेव्हा निवृत्त गृहस्थाला ती कोणाला दिली होती, त्याचे आडनावही धड आठवत नसते. नाव बदलले की नाही, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहनक्रमांक घालून आजच पाहता येते.