चांदीचा पुरावा आणि कोपऱ्यावरची लॅब

घरात जुना कृष्णधवल रोल सापडला, की इतिहासप्रेमी तो कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये धुवायला देतात. येथेच घात होतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या (स्थापना १९६०) ‘इंदू’सारख्या फिल्मवर चित्र घडते ते चांदीच्या कणांनी. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेतील ब्लीच आणि फिक्सर नेमकी तीच चांदी काढून टाकतात. उरते कोरी पट्टी! (एक्सपी-२ ही फिल्म अपवाद, तिचे चित्र रंगद्रव्याचे.) स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाईही चांदीलाच धूळ समजते आणि चेहरे विद्रूप करते. तरीही ‘स्कॅन मिळाले, आता निगेटिव्ह कशाला?’ असे विचारणारे आहेतच. ताम्रपटाचा ठसा घेऊन ताम्रपट कोणी भंगारात घालतो काय? रोल देण्यापूर्वी डेव्हलपर कोणता, हे विचारावे. निगेटिव्ह मोजून परत घ्यावी.