दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचा प्रवास



आमच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. इंदुरास मावशीकडे राहून पदवीधर झालेला त्यांचा मुलगा तेथेच ट्रॅव्हल एजंटचे कार्यालय थाटू म्हणतो. त्यासाठी वाडीचा एक तुकडा विकावा काय, असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की, तूर्त विकू नये.

मुलाने गाव मात्र चांगले निवडले आहे. तेथून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर. ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू ही स्थळे सकाळी निघून रात्री परतण्याच्या टप्प्यातली. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरावयाचा आहे. आपल्या भाविकांना उदयनगरचीही ओढ आहेच. १९९५ साली बसप्रवासात जिचा खून झाला, त्या धन्यवादित सिस्टर राणी मारिया हिचे अवशेष तेथील चर्चमध्ये आहेत.

गिऱ्हाईक मिळेल, पण नुसत्या तिकिटावर घर चालण्याचे दिवस राहिले नाहीत. विमानकंपन्यांनी एजंटांचे ठरीव कमिशन २००८-०९ च्या सुमारास जवळजवळ बंद केले. जुलै २०२५ पासून रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची पहिली ३० मिनिटे एजंटांना बंद झाली. आता विकावयाची ती माहिती : म्हातारीला ओंकारेश्वरच्या पायऱ्या झेपतील काय, कोणत्या गाडीने गेल्यास मध्यरात्री उतरावे लागणार नाही. ही माहिती स्वतः फिरल्यावाचून येत नाही.

आमची खरी काळजी निराळीच आहे. या धंद्यात गिऱ्हाईक पैसे आधी देते आणि प्रवास महिन्यांनी करते. मधल्या काळात ती रक्कम एजंटापाशी असते आणि ती आपलीच आहे असे त्यास हळूहळू वाटू लागते. मार्चच्या सहलीच्या पैशांतून जानेवारीचे भाडे फेडले की घसरण सुरू झाली. धंदा मोठा झाल्याने हे संकट टळते असेही नाही. टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने १८४१ साली लेस्टर ते लफबरो अशी सुमारे ५०० जणांची आगगाडीची सहल एक शिलिंगात काढली. त्यातून उभी राहिलेली ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये कर्जापायी बुडाली, तेव्हा परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना तेथील सरकारने घरी आणले. इंदुरात दहा कुटुंबे अडकली, तर त्यांना कोण आणणार?

म्हणून प्रवाशांच्या पैशांचे बँकखाते पहिल्या दिवसापासून वेगळे असावे.

दुसरे एक. आखाती देशांत नोकरीला माणसे धाडण्याचे काम कोणी गळ्यात घालू पाहील. पैसाही बरा दिसेल. ते ट्रॅव्हल एजंटचे काम नव्हे. १९८३ च्या कायद्याने त्यासाठी सरकारी नोंदणी लागते. भेटीचा व्हिसा देऊन नोकरीस धाडलेल्या मुलाचा बाप दारात येतो, तेव्हा एजंटापाशी उत्तर नसते.

मुलाने वर्षभर इंदुरातील एखाद्या जुन्या कार्यालयात पगारावर राहावे, सिंहस्थापूर्वीची धावपळ जवळून पाहावी. वाडीचे नंतर पाहू.