बॅटरीची गाडी घेताना : पल्ला किती, नखरे किती?



हंगामाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी दोन विषय निघतात. एक मुलीचे लग्न, दुसरा गाडी. गाडीत आता विजेवर चालणारी गाडी आली आहे. इंदुरी गटात फिरताना बेणे, खोडवा, हुमणी यांचे बोलणे संपले की सभासद हटकून विचारतात, "साहेब, ती बॅटरीची घ्यावी का? ॲव्हरेज किती देते?" हा माझ्या खात्याचा विषय नव्हे. पण पैसा उसाचा आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

आपल्या भागाला ही गाडी परकी नाही. बजाजची जुनी चेतक 1972 साली निघाली तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्याच नावाची विजेची चेतक ऑक्टोबर 2019 मध्ये लोकांसमोर आली आणि सुरुवातीला ती आपल्या शेजारी चाकणलाच तयार होत होती. पुढे जून 2022 पासून आकुर्डीत वेगळा कारखाना सुरू झाला. पहिल्या विजेच्या चेतकला 3 युनिटची बॅटरी आणि साधारण 95 किलोमीटरचा पल्ला होता. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या गाडीला साडेतीन युनिटची बॅटरी आणि कागदावर 153 किलोमीटर. टाटांच्या नेक्सॉनचेही तसेच. जानेवारी 2020 मध्ये 312 किलोमीटर सांगत होते, 2024 च्या मोठ्या बॅटरीच्या गाडीला 489. दर दोन वर्षांनी आकडा फुगतो आणि मागची गाडी जुनी वाटू लागते. पोरांचा हट्ट नेमका इथेच सुरू होतो.

हा छापील आकडा कसा निघतो? गाडी चाचणीकेंद्रात रोलरवर चढवतात आणि ठराविक वेगाने ठराविक वेळ पळवतात. आपल्या पुण्यातच एआरएआय ही संस्था हे काम करते. आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेचा असतो. प्रात्यक्षिक प्लॉटमधले एकरी टनेज आपल्या रानात जसेच्या तसे पडते काय? तसेच हे. मागे 45 किलोचे युरियाचे पोते, पुढे पोरगं, समोरून वारा, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड गाड्यांमागे थांबत-निघत जायचे, म्हणजे पाव हिस्सा तरी धाव कमी धरा. शिवाय बॅटरी वर्षागणिक उतरते. सात-आठ वर्षांनी ती पाचवा हिस्सा कमी चालेल असे धरून चला. दोन्ही मिळून माझा ठोकताळा असा : रोज खरोखर जेवढे फिरता त्याच्या पावणेदोन पट छापील पल्ला पुरे.

आता इंदुरीचा हिशेब मांडू. चाकणच्या कंपनीत पाळीला जाणाऱ्याची जाऊन-येऊन धाव तीसेक किलोमीटर. त्याला छापील 55 पुरतात, म्हणजे बाजारातली लहानात लहान बॅटरीसुद्धा चालेल. रोज शिवाजीनगरला जाणारा 80 किलोमीटर फिरतो, त्याला 140 लागतात. त्याने मोठी बॅटरी जरूर घ्यावी. आणि ज्याची गाडी घर, मळा, डेअरी, फार तर तळेगावचा बाजार एवढीच फिरते, त्याने दीडशे किलोमीटरची बॅटरी कशाला विकत घ्यायची?

गंमत अशी की बचतसुद्धा फिरणाऱ्यालाच होते. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. तीस किलोमीटरला स्कूटर सुमारे सत्तर रुपयांचे पेट्रोल पिते, विजेची गाडी एक-सव्वा युनिट, म्हणजे दहा-बारा रुपये. वर्षातले तीनशे दिवस धरले तर सतरा हजार वाचतात. पण रोज दहाच किलोमीटर फिरणाऱ्याचे सहा हजारही वाचत नाहीत.

जास्तीची रक्कम रुपयांत मोजू नका, टनात मोजा. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये एफआरपी आहे, म्हणजे टनाला 3,550. मोठ्या बॅटरीपायी 40,000 रुपये जादा दिले तर सव्वाअकरा टन ऊस गेला. तोडणी-वाहतूक वजा केल्यावर हातात येणाऱ्या भावाने मोजाल तर आणखी जास्त. एवढ्या पैशात ठिबकाचे काम बरेच पुढे सरकते.

आता नखऱ्यांविषयी. मोठा पडदा, मोबाईलला जोडणी, गाणी, चार प्रकारचे वेग. यातल्या बऱ्याच गोष्टी सॉफ्टवेअरच्या असतात आणि अनेक कंपन्या त्या नंतर पैसे भरून चालू करून देतात. तेव्हा पहिल्या दिवशीच सगळे घेण्याची घाई नको. बॅटरीचे मात्र उलटे आहे. "आत्ता लहान घ्या, पुढे मोठी टाकू," असे विक्रेता म्हणाला तर लेखी मागा. गाडीची मंजुरी आणि नोंदणी त्या त्या मॉडेलची असते, आणि बहुतेक गाड्यांत मोठी बॅटरी बसवून मिळत नाही. लोक नेमके उलट करतात : पडद्याला भुलतात आणि बॅटरीच्या हमीचा कागद वाचतही नाहीत. हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि धाव किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बदलून मिळणार, या तीन ओळी आधी वाचा.

मावळचा पाऊसही विसरू नका. आयपी 67 असे लिहिलेले असेल तर तो भाग एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते. इंद्रायणीचे पाणी रस्त्यावर आल्यावर गाडी घालायची परवानगी असा त्याचा अर्थ नाही.

घरी चार्जिंग करायचे तर अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांतली वायरिंग टीव्ही-पंख्यापुरती असते, रात्रभर तापायला नको. आणि गाडी मळ्यातल्या मोटारीच्या कनेक्शनवर लावू नका. ते कनेक्शन सवलतीच्या दराचे आणि फक्त शेतीसाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरले तर 2003 च्या वीज कायद्याखाली वापराची आकारणी दुप्पट दराने होते, आणि पंपाचे मीटर एकदा तपासणीत सापडले की ऐन लागणीच्या दिवसांत खेटे घालावे लागतात.