भिंतीवरील चित्र आणि पदरचे पैसे



ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओली नावाची वस्ती आहे. हे नाव मराठी कानास परके वाटत नाही; आपल्या ‘ओळी’तील ळ चा तेथील हिंदीने ल केला, इतकेच. तेथील एका कुटुंबाचा प्रश्न आला आहे. सणासुदीस वाड्याच्या चौकात भिंतीवर चित्रपट व घरच्या लग्नाची चित्रे दाखवावीत अशी मुलांची हौस. सहा हजारांत नवा प्रोजेक्टर मिळतो आहे, घ्यावा काय?

ही हौस मराठी माणसास नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. त्याच्याही पूर्वी, १६७१ साली, येशूसंघीय धर्मगुरू अथानासियुस किर्खर यांच्या ग्रंथात अशा दिव्याचे चित्र छापले गेले. (त्यात भिंग काचेच्या भलत्याच बाजूस दाखविले आहे! असो.)

मागे दिवा, मध्ये चित्राची काच, पुढे भिंग ही मांडणी आजही तीच आहे. बदलली ती काच. रंगाऐवजी तिच्यात द्रव-स्फटिक असतो. गाजरापासून काढलेल्या एका द्रव्याचे विचित्र वितळणे १८८८ साली ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ राइनिट्झर यांच्या ध्यानी आले आणि या पदार्थाची ओळख झाली. प्रकाशाच्या लहरी एकाच दिशेने जाऊ देणारी एक जाळी अलीकडे व दुसरी पलीकडे अशी कल्पना करा. मधला स्फटिक त्या लहरींस पीळ देतो. विजेचा दाब बदलला की पीळ बदलतो आणि पलीकडच्या जाळीतून प्रकाश कमी-अधिक सुटतो. अशी लक्षावधी सूक्ष्म खिडक्यांची उघडझाप म्हणजेच भिंतीवरील चित्र.

चांगल्या यंत्रात अशा काचा तीन असतात. विशिष्ट आरसे पांढरा प्रकाश तांबडा, हिरवा व निळा असा विभागतात. प्रत्येक रंग आपल्या काचेतून जातो आणि एका लोलकात तिन्ही पुन्हा एकत्र येतात. स्वस्त यंत्रात काच एकच. तिच्या प्रत्येक खिडकीवर रंगीत गाळणी बसविलेली असते आणि ती इतर दोन रंग अडविते. म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश आतच मरतो. पैसे वाचतात ते येथेच, आणि फसगतही येथेच होते.

आमच्या घरी असे एक यंत्र आले होते. खोक्यावर हजारो ‘लुमेन’ छापलेले. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातील दिवा लावताच चित्र नाहीसे! दुकानदाराने परत घेतले नाही. तेव्हा खोक्यावरील आकड्यावर जाऊ नये. ‘अ‍ॅन्सी लुमेन’ किती, हे विचारावे. ‘फुल एचडी चालते’ याचा अर्थ काच तेवढी बारीक आहे असा होत नाही. काचेचे मूळ मोजमाप, म्हणजे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, मागावे.

तीन काचांचे नवे यंत्र साधारण चाळीस हजारांच्या घरात जाते. ते सर्वांस कसे परवडावे? म्हणून आमचे मत असे की, नव्या खोक्यापेक्षा कचेरीतून निघालेले, तीन काचांचे जुने यंत्र पाहावे. दहा-पंधरा हजारांत मिळू शकते. ग्वाल्हेरकरांस दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईच्या बाजूच्यांस लॅमिंग्टन रोड हे बाजार सोयीचे. मात्र यंत्र लावून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. कोरा पांढरा पडदा दाखवावयास सांगावे. एखाद्या भागी पिवळट झाक दिसली तर निळ्या रंगाच्या वाटेवरील जाळी जळाली असे समजावे; धूसर ठिपके दिसले तर आत धूळ गेली आहे. दिवा किती तास जळला हे यंत्रच आपल्या यादीत सांगते. नव्या दिव्याची किंमत सौदा ठरण्याआधी विचारावी, कारण कधी कधी दिवाच यंत्राच्या निम्म्या मोलाचा असतो.

खेड्यापाड्यांतील आपल्या घरांस आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पाऱ्याचा दिवा अतिशय तापतो. खेळ संपल्यावर बटण दाबून आतील पंखा आपोआप थांबेपर्यंत तारेस हात लावू नये. वीज अवचित गेली तर पंखाही थांबतो व दिव्याचे आयुष्य घटते. म्हणून पंधरा मिनिटे भार पेलणारा यूपीएस जोडावा आणि त्याचा खर्च पहिल्यापासूनच हिशेबात धरावा.