आमच्या गाड्यांची नोंद घ्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयातील संबंधित अधिकारी



लपवायचं काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आहे. 2017 साली आपल्याकडे आलेलं मॉडेल, दोन लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीने दिलेली ताकद 230 पीएस. तिचा इंटरकूलर मी बदललाय, पुढचे ब्रेक मोठे केलेत, स्प्रिंगा बदलल्यात आणि इंजिनाचा रीमॅप करून घेतलाय. मोटार वाहन कायद्याच्या 182अ कलमात परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलेलं आहे. म्हणजे नुसता दंडच धरला तरी वीस हजारांचा ऐवज घेऊन मी रोज सिग्नलला उभा असतो.

हा उद्योग करतो कशाला, असं घरचेही विचारतात. टर्बोची गंमत अशी की इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. किती कोंबायची हे इंजिनाच्या संगणकातलं, म्हणजे इसीयूमधलं सॉफ्टवेअर ठरवतं. ते लिहिताना कंपनी हात राखून असते, कारण तीच गाडी बर्फातही चालायची असते आणि वाळवंटातही. रीमॅप म्हणजे तो राखलेला हात थोडा सैल करणं. पण हवा दाबली की तापते. एप्रिलच्या दुपारी घाट चढताना मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान साठीच्या पुढे सरकताना दिसतं, इंजिन स्वतःला जपायला ठिणगी उशिरा देऊ लागतं आणि इतका वेळ उड्या मारणारी गाडी एकदम सुस्तावते. म्हणून ती हवा गार करणारा मोठा इंटरकूलर. (100 ऑक्टेनचं पेट्रोल हा दुसरा उपाय. ते पुण्यात मिळतं, पण दर बघून माझंच इंजिन नॉक होतं.)

आणि ब्रेक. वरंधा घाट जरा जोरात उतरून बघा. चार वळणांनंतर पॅडचा जळका वास येतो, पेडल मऊ पडतं, पाचव्या वळणाला ते नेहमीपेक्षा खोल जातं. ज्याने ताकद वाढवली आणि ब्रेक तसेच ठेवले, तो खरा धोका. तुमच्या कायद्याच्या लेखी मात्र आम्ही दोघं सारखेच. उलट माझा एक गुन्हा जास्त.

मी रीतसर जायचा प्रयत्न केला. विमा कंपनीला ब्रेकबद्दल लिहून कळवलं. उत्तर आलं, आरसीवर नोंद करून आणा. एका आरटीओ कार्यालयात गेलो, तर खिडकीवरच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, याला रकानाच नाही." माणूस भला होता. चहाही विचारला.

रकाना नाही हे खरंच आहे. 52व्या कलमाने मूळ गाडीपेक्षा वेगळं काही करायला बंदी आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी आणखी पक्की केली. पण त्याच कलमात सीएनजी किटला वाट ठेवलेली आहे. मंजूर किट घ्या, अधिकृत ठिकाणी बसवा, आरसीवर नोंद करा. डिकीत दाबलेल्या वायूची टाकी घेऊन फिरायला सरकार परवानगी देतं, मग चांगल्या ब्रेक डिस्कची नोंद घ्यायला अडचण कोणती? ही किट तपासणारी एआरएआय इथेच, पुण्याच्या टेकडीवर आहे. जर्मनीत असे ब्रेक किंवा स्प्रिंगा बसवल्या की टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता गाडी तपासतो आणि कागदावर नोंद होते. तिथे ऑटोबानवर लोक कसे सुटतात ते आपल्याला ठाऊकच आहे.

आपल्याकडे कारवाई होते ती कानाला टोचेल त्यावर. रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडल्याचे फोटो छापून येतात. छापा, माझा पाठिंबाच आहे. रात्री अकराला फर्ग्युसन रस्त्यावर फटाके फोडत जाणारा आमचा कोणी लागत नाही. पण आवाज न करता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकणारे आहेत, आणि खरी घाण ते करतात. त्यांना कोण पकडणार? पीयूसी उभ्या गाडीची होते. टर्बो भरात असताना मागून काय बाहेर पडतं, ते त्या नळीला कळतच नाही. गाडी रोलरवर चढवून, भार देऊन तपासा. त्यात मी नापास झालो तर माझीही आरसी अडकवा.

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, तेव्हापासून वेगवान गाडी दिसली की लोकांच्या कपाळाला आठी पडते. तो राग रास्त आहे. रस्ता हा शर्यतीची जागा नव्हे, आणि एक्स्प्रेसवेवरचे कॅमेरे मला मान्य आहेत. पण मग जागा कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. देशातल्या कितीतरी गाड्या चाकणला आणि शेंद्र्याला बनतात, त्या महाराष्ट्रात मोटारींसाठी त्या तोडीचा एकही कायमचा ट्रॅक नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा आहे, पण तो कार्टिंगचा. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा तिथे हेल्मेट तपासत होते, रुग्णवाहिका उभी होती आणि शनिवार-रविवार पोरं रांगेत थांबली होती. पडून असलेली एखादी धावपट्टी महिन्यातून एक रविवार द्या. भाडं आम्ही भरू, रुग्णवाहिकेचंही.

बाकी काम कागदाचं आहे. तपासलेल्या भागांची यादी, आरसीवर एक रकाना, त्याचं शुल्क आणि अर्जाचा नमुना. नमुना निघाला की पहिल्या दिवशी रांगेत मी असेन, चारही बदलांच्या पावत्या घेऊन.

आपला,
एक करदाता वाहनमालक, पुणे