दिल्ली की हैदराबाद?

कर्जत-खालापूरकडच्या आपल्या घरांची सहल बहुधा माथेरान, अलिबाग, मुरूड यांच्या पुढे जात नाही. लग्नकार्याच्या निमित्ताने मुंबई-पुणे होते, तीच सहल समजायची. पण कधीतरी भिशीचा नंबर लागतो, चार पैसे बाजूला पडतात आणि घरात विषय निघतो, यंदा लांब कुठेतरी जाऊ या. मग दोन नावे हटकून पुढे येतात. थोरांच्या कानावर लहानपणापासून पडलेली आणि मुलांनी मोबाईलवर पाहिलेली ती दोन शहरे म्हणजे दिल्ली आणि हैदराबाद.

दोन्ही शहरे मोठी आहेत आणि पाहण्यासारखे दोन्हीकडे भरपूर आहे. शहाजहानने बांधलेला लाल किल्ला 1648 मध्ये पुरा झाला, त्याच्या समोरची जामा मशीद 1656 मध्ये. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिकडे हैदराबादेत 1591 चा चारमिनार, शेजारी मक्का मशीद, गावाबाहेर गोवळकोंडा आणि कुतुबशाही मकबरे, शिवाय सालारजंग संग्रहालय. नुसती यादी समोर ठेवली तर दिल्लीच जड भरेल. आमच्या घरातही तसेच झाले. नववीतल्या लेकीने वहीत दिल्लीची बारा ठिकाणे लिहून आणली.

अम्मींना विचारले तर त्या म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते.”

हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येते आणि आपण ते लगेच खरे मानतो. त्यांना कुठे फिरायची हौस आहे, असे म्हणून मोकळे होतो. पण गुडघे दुखणारे माणूस नाही म्हणते तेव्हा ते शहराला नाही म्हणत नसते. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, या भीतीने ते नाही म्हणते. म्हणून आम्हाला वाटते, दिल्ली की हैदराबाद हा प्रश्न आधी मनातून काढून टाकावा. पहिला प्रश्न असा विचारावा की कोणत्या शहरी गेलो तर घरातले कोणी मागे राहणार नाही?

या प्रश्नाने पाहिले की हिशेब बदलतो. प्रवासापासून सुरुवात करू. दिल्लीसाठी आपल्याला कर्जतहून आधी कल्याण गाठावे लागते. तिथून राजधानीचे तिकीट परवडले तर ठीक, नाहीतर साध्या मेल गाडीने एक अहोरात्र जाते. हैदराबादच्या गाड्या आपल्याच बोरघाटातून पुणे, सोलापूर करत जातात. रात्री बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारपर्यंत पोहोचता येते. घाट चढायला मागचे इंजिन जोडण्यासाठी गाड्या कर्जतला थांबतात हे खरे, पण प्रत्येक गाडीत कर्जतहून चढण्याचे तिकीट मिळेलच असे नाही. ते आधी पाहून घ्यावे. खोपोलीकडच्या मंडळींनीही लोकलने कर्जतला येण्यापूर्वी हे तपासावे.

आता हवा. शाळेत जाणाऱ्या घराला मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. दिल्लीसाठी नेमक्या याच दोन वाईट. दिवाळीच्या सुमारास तिथली हवा धुराने इतकी खराब होते की दम्याच्या माणसाला नेणे धोक्याचे. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि लू वाहते. नाताळात जावे तर धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. हैदराबादचा मे महिनाही कडकच असतो, पण दिवाळीत पाऊस सरलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ हवा छान असते.

चालणे हा तिसरा मुद्दा. दिल्लीत मेट्रो उत्तम आहे, जामा मशीद आणि लाल किल्ला या नावांची स्टेशनेच आहेत. पण जामा मशिदीला सर्व बाजूंनी तीस-पस्तीस पायऱ्या, एकेका जागेचा विस्तार मोठा आणि दोन जागांमधले अंतरही मोठे. त्यात दिल्लीला गेलो आणि आग्रा राहिले असे कोणाला चालत नाही. म्हणजे आणखी एक दिवस, आणखी एक भाडे. हैदराबादेतही गोवळकोंड्याच्या माथ्यावर जायला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. पण तिथली खरी गंमत खाली, फतेह दरवाजातच आहे. त्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. मुलांनी वर धावावे आणि दादीने खालून टाळी वाजवावी. चारमिनार, मक्का मशीद आणि लाड बाजार एकाच परिसरात आहेत. एकाने बांगड्या पाहाव्यात, दुसऱ्याने इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घेऊन बसावे.

जेवणाचे म्हणाल तर हलाल खाणे जुन्या दिल्लीतही शोधावे लागत नाही. पण कोकणातल्या पोटाला दोन दिवसांनी भात लागतो. हैदराबाद भाताचेच शहर.

आणि भाषा. आम्ही उर्दू शिकवतो, तरी दिल्लीच्या जुन्या माणसापुढे तोंड उघडताना उच्चार तपासून घेतो. हैदराबादची दखनी मात्र आपल्या शेजारची. तिच्यातला “नक्को” आपल्या “नको”चाच भाऊ, आणि जोर देण्यासाठी शब्दाला चिकटणारा “इच” आपल्या “च”वरून आलेला. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, ही देवघेव काही शतकांची आहे. घरी अर्धी मराठी, अर्धी उर्दू बोलणाऱ्या आपल्या दादी-नानीला तिथे रिक्षावाल्याशी घासाघीस करताना कोणाची मदत लागणार नाही. परक्या शहरात माणसाला आपला शब्द ऐकू आला की त्याची भीड चेपते.

म्हणून दिवाळीची सुट्टी, चार-पाच दिवस आणि बरोबर वयस्कर माणूस असेल, तर आमचे मत हैदराबादला. यात दिल्लीचा अपमान नाही आणि मुलांच्या हौसेवर पाणीही नाही. दिल्लीचा खरा मोसम फेब्रुवारी-मार्चचा. ज्या उर्दू शाळांना दिवाळीऐवजी रमजानची सुट्टी मिळते त्यांच्यासाठी ही संधी चालून आली आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. 2027 ची ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, तर 2028 ची फेब्रुवारीच्या अखेरीस येईल. ईदनंतरचे चार दिवस सुट्टीत बसत असतील तर दिल्लीसाठी याहून चांगले दिवस नाहीत. घरात दहावी-बारावीचे मूल असेल त्यांनी मात्र एक वर्ष थांबावे. लेकीची बारा ठिकाणांची वही आम्ही जपून ठेवायला सांगितली आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, पण साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात. तो दिवस मक्का मशिदीत जुम्मा आणि नंतर विश्रांतीसाठी ठेवा. दिल्लीत लाल किल्ला सोमवारी बंद, आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. रोज एकच मोठी जागा पाहावी, दुपारी सर्वांनी आडवे व्हावे. वर्षभर चूल सांभाळणाऱ्या बाईला सहलीतही स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ बरोबर घ्यायला लावू नका. तिची सुट्टी तीच.

आणि तिकिटे काढण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला “येणार का?” असे विचारू नका. “खिडकीजवळची जागा घेऊ ना?” असे विचारा.